केमोच्या दोन सायकलमध्ये २१ दिवसांचं अंतर का? तारीख चुकवणं महागात का पडू शकतं?

केमोथेरपीच्या अनेक औषधयोजनांमध्ये दर २१ दिवसांनी औषध दिलं जातं. 'आता बरं वाटतंय, पुढच्या महिन्यात जाऊ' असं म्हणत काही जण ही तारीख परस्पर पुढे ढकलतात. पण या अंतरामागे पेशींचं गणित आहे आणि ते रुग्णाला पहिल्याच दिवशी समजावून सांगायला हवं.

पेशी कशी विभागते?

जी-१ टप्प्यात पेशी वाढते, एस टप्प्यात डीएनएची प्रत तयार होते, जी-२ मध्ये तपासणी होते आणि एम टप्प्यात एका पेशीच्या दोन होतात. निरोगी पेशीत बिघाड दिसला की काम थांबतं. कर्करोगाच्या पेशीत ही नाकाबंदीच ढिली पडलेली असते.

औषध नेमकं काय करतं?

मेथोट्रेक्सेट, ५-फ्लुरोयुरॅसिल ही औषधं एस टप्प्यात डीएनएची प्रत बनू देत नाहीत. सदाफुलीपासून मिळणारं व्हिनक्रिस्टिन एम टप्प्यात विभाजन रोखतं. सिस्प्लॅटिन थेट डीएनएला इजा करतं आणि ते एकाच टप्प्यावर अवलंबून नसतं. म्हणूनच अनेकदा दोन-तीन औषधं एकत्र दिली जातात.

एकाच डोसमध्ये काम का होत नाही?

औषध देताना काही पेशी विश्रांतीत असतात, त्या निसटतात. शिवाय प्रत्येक सायकलमध्ये ठरावीक प्रमाणातच पेशी मरतात. समजा, १०० कोटींपैकी ९९ टक्के मेल्या, तरी १ कोटी उरतात आणि पुन्हा वाढू लागतात.

मग रोज औषध का नाही?

अस्थिमज्जा आणि केसांच्या मुळाशी असलेल्या निरोगी पेशीही वेगाने विभागतात, त्यामुळे त्यांनाही फटका बसतो. पांढऱ्या पेशी साधारण ७ ते १४ दिवसांत सर्वात कमी होतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत सावरतात. या काळात १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तर तातडीने रुग्णालय गाठावं.

तारीख कोणी बदलावी?

रक्ततपासणी पाहून डॉक्टरांनी डोस पुढे ढकलणं हा उपचाराचाच भाग आहे. परस्पर तारीख चुकवणं म्हणजे उरलेल्या पेशींना वाढायला वेळ देणं. मात्र प्रवास, मजुरी बुडणं, केस गळण्याची धास्ती अशा अडचणी असलेल्या रुग्णाला फक्त दोष देऊन भागणार नाही. पुढच्या तारखेच्या चिठ्ठीवर तिचं कारणही दोन ओळींत, मराठीत लिहिलं जायला हवं.