एक कंपनी, दोन ज्येष्ठता याद्या

लाखांत पगार घेणाऱ्या वैमानिकांच्या भांडणाशी रेल्वे आणि टपाल कामगारांचा काय संबंध, असे काही बंधू विचारतील. पगाराचा आकडा बाजूला ठेवला तर संबंध फार जवळचा आहे.

एप्रिल 2024 मध्ये गुरुग्रामच्या विस्तारा कंपनीतील अनेक वैमानिक एकाच वेळी आजारपणाच्या रजेवर गेले. उड्डाणे रद्द झाली आणि कंपनीला रोजची 25 ते 30 उड्डाणे कमी करावी लागली. एअर इंडियात विलीनीकरण व्हायचे म्हणून नवा वेतन करार पुढे आला होता. पूर्वी महिन्याला 70 तासांच्या उड्डाणाचे पैसे हमखास मिळत, ती हमी 40 तासांवर आणली. आमच्या रनिंग स्टाफला हे समजावून सांगायला नको. गाडी मिळाली नाही तर किलोमीटर नाहीत, आणि किलोमीटर नाहीत तर भत्ता नाही. सुट्या भागांअभावी विमान उभे राहिले तर त्यात वैमानिकाचा दोष नसतो, पण तोटा मात्र त्याच्या घरी येतो. त्यातही सहवैमानिकाच्या, कारण तो पगारात खाली आणि प्रशिक्षणाच्या कर्जात वर.

या दुखण्याचे मूळ 2007 मध्ये आहे. त्या वर्षी मुंबईची एअर इंडिया आणि दिल्लीची इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या एक झाल्या. पाटी एक झाली. पगाराचे नियम, बढतीची वाट आणि ज्येष्ठतेच्या याद्या दोनच राहिल्या. एका बाजूचे वैमानिक परदेशी मार्गांवरच्या मोठ्या बोइंग विमानांवर तयार झालेले, दुसऱ्या बाजूचे देशातल्या एअरबसवर. वैमानिकांच्या संघटनाही दोन.

एप्रिल 2011 च्या अखेरीस देशांतर्गत बाजूच्या संघटनेने समान वेतनासाठी संप केला. तो दहा दिवस चालला. दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई केली, व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढली. परदेशी मार्गांवरची विमाने बहुतांशी उडतच राहिली. पुढल्याच वर्षी मे 2012 मध्ये पाळी उलटली. आता दुसऱ्या बाजूची संघटना संपावर गेली, तब्बल 58 दिवस. नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्समधून आलेल्यांना देऊ नये, हा वादाचा मुख्य मुद्दा. सुमारे शंभर वैमानिक बडतर्फ झाले. त्यांना परत घेण्याचा प्रश्न पुढे रेंगाळला. देशातली विमाने या वेळी चालू होती. ज्या विमानावरून एवढे झाले, ते पहिले ड्रीमलायनर संप मिटल्यावर सप्टेंबरमध्ये दिल्लीला उतरले!

इथे स्पष्ट बोलणे भाग आहे. संपकऱ्यांची एक तक्रार खरी होती. त्यांच्याकडे कमांडर व्हायला अधिक वर्षे लागत, आणि विलीनीकरणाने आपण कायमचे मागे पडू ही भीती खोटी नव्हती. पण आपला नंबर मागणे वेगळे आणि दुसऱ्याला शाळेच्या दारात अडवणे वेगळे. ही मागणी कामगार चळवळीला शोभणारी नव्हती, हे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

आपल्याकडे हे घडलेच नाही असे कोणी समजू नये. वाफेची इंजिने बंद होत होती तेव्हा फायरमन बंधूंना डिझेलच्या प्रशिक्षणाला पाठवले गेले. नव्या भरतीची पोरे त्यांना ‘कोळसेवाले’ म्हणत, आणि कोळसेवाले पोरांना ‘पुस्तकी’. लॉबीत चहाचे घोळकेसुद्धा वेगळे. मी तेव्हा नवीन होतो आणि हसणाऱ्यांत होतो. टपालात आजही नियमित पोस्टमन आणि ग्रामीण डाक सेवक एकाच गावची टपाल वाटतात, पण एकाला पेन्शनचा हिशेब आहे आणि दुसरा खात्याचा पूर्ण नोकरसुद्धा नाही. 2018 मध्ये डाक सेवकांनी 16 दिवस संप केला, तेव्हा आपल्यापैकी किती जण त्यांच्या मंडपात जाऊन बसले?

कोरोनाच्या काळात, 2020 च्या जुलैत, एअर इंडियाने वैमानिकांचे भत्ते जबर कापले. बोइंगवाला की एअरबसवाला, हे कात्रीने पाहिले नाही. तेव्हा कुठे दोन्ही संघटनांनी एका कागदावर सह्या केल्या. वर्षअखेर पाच टक्के परत देऊ केले, तेही दोघांनी मिळून नाकारले. कंपनी टाटांकडे गेल्यावर 2023 मध्ये नव्या कराराविरुद्ध सुमारे 1500 वैमानिकांनी एकत्र निवेदन दिले. हेच शहाणपण 2011 मध्ये सुचले असते तर?

रजेचा अर्ज हे हत्यार किती चालते, हेही पाहा. मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसचे केबिन कर्मचारी असेच आजारी पडले. कंपनीने 25 जणांना काढले. पण त्यांची संघटना दिल्लीत केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांसमोर समेटाला बसली आणि काढलेले लोक परत घेण्याचे ठरले.

विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 रोजी एअर इंडियात मिसळली. आधी आलेला कोण, मोठ्या विमानावर शिकलेला कोण, हे प्रश्न तिथे आता पुन्हा निघतील. दोन केडर एकत्र होण्यापूर्वी एकच ज्येष्ठता यादी आणि प्रशिक्षणाची पाळी लेखी करारात आली पाहिजे, आणि त्या करारावर दोन्ही बाजूंच्या संघटनांच्या सह्या हव्यात. आपल्या ज्या विभागांत केडर एकत्र करण्याची पत्रे निघाली आहेत, तिथल्या शाखा सचिवांनी त्यांची प्रत आणि सध्याच्या दोन्ही याद्या महासंघाच्या दिल्ली कार्यालयाकडे पाठवाव्यात. पाठवण्यापूर्वी यादीत पलीकडच्या केडरची नावे नीट लागली आहेत का, तेही तपासावे.