गुण मोजले, वाटचाल मोजली नाही

पदवी परीक्षांचे निकाल लागले की ज्या महाविद्यालयांचा गौरव होतो, त्यांपैकी बहुतेकांनी नव्वद टक्क्यांचे विद्यार्थी निवडून घेतलेले असतात. त्या यशात अध्यापनाचा वाटा किती आणि प्रवेशाच्या चाळणीचा किती, हे कोणी विचारीत नाही. कच्च्या मालाची किंमत न पाहता पक्क्या मालावरून कारखान्याची कार्यक्षमता ठरविणारा हिशेबनीस एक दिवसही नोकरीत टिकणार नाही. शिक्षणात मात्र हाच हिशेब मान्य होतो.

मराठी माध्यमातून दहावी झालेला शेतमजुराचा मुलगा विज्ञानशाखेत येतो आणि एका सुट्टीनंतर त्याने भौतिकशास्त्र इंग्रजीतून समजून घ्यावे, अशी अपेक्षा असते. शेजारच्या बाकावरील मुलाच्या घरी पुस्तके आहेत, शिकवणी आहे, शिकलेले आईवडील आहेत. व्याख्यान दोघांना एकच. पदवीपर्यंत दोघांतील अंतर वाढते आणि त्या वाढीला गुणवत्ता म्हटले जाते.

हे अटळ नाही. १९४७ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे 'मिलिंद' म्हणून ओळखले गेले. या संस्थांनी वसतिगृहाला वर्गाइतकेच मोल दिले. साताऱ्यात श्रम करून शिकता येई. दोन वेळचे जेवण, रात्री दिव्याखाली बसायला जागा आणि अडल्यास विचारता येईल असा प्राध्यापक, एवढ्यावर ज्यांच्या घराण्यात पूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते अशी मुले पदवीधर झाली. मिलिंदच्या परिसरातून तर दलित लेखकांची एक पिढीच उभी राहिली.

१९५९ साली यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागासांना दिलेली फीमाफी मोलाची होती. पण फी हा खर्चाचा एक भाग झाला. १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालयांचे पेव फुटले आणि पैसा हीच चाळणी बनली. आज अनुदानित महाविद्यालयांतही तासिका तत्त्वावर नेमलेला प्राध्यापक घड्याळी तासाचे मानधन घेतो. तास संपल्यावर विद्यार्थ्यासाठी थांबण्याचा मोबदला त्याला नाही. ही काटकसर कोणाच्या माथी बसते? शिकवणी परवडणाऱ्याच्या खासच नव्हे.

२०१६ पासून केंद्र सरकार उच्च शिक्षणसंस्थांची क्रमवारी जाहीर करते. तीत संशोधनाला आणि लौकिकाला गुण आहेत, दुर्बलांच्या प्रवेशालाही थोडे आहेत; विद्यार्थी कोठून निघाला आणि कोठे पोहोचला, याला नाहीत. प्रवेशाच्या वेळचे गुण महाविद्यालयाच्या दप्तरात असतात, पदवीचे विद्यापीठाच्या. राज्य सरकारने ते शेजारीशेजारी छापण्याची सक्ती करावी. त्याला वेगळे अनुदान लागत नाही.