बदकांचा दिवस

हिवाळ्यात महाराष्ट्रात येणारी बहुतेक रानबदके दिवसा विसावतात आणि रात्री चरतात. नांदूर मध्यमेश्वर, नाथसागर किंवा उजनी जलाशयावर ऊन चढले की तलवार बदक आणि चक्रांग यांचे थवे काठापासून दूर, उघड्या पाण्यात थांबलेले असतात. तिथे चारही बाजूंनी येणारा शत्रू लांबूनच दिसतो. सूर्य मावळल्यावर हे थवे उठतात, दलदलीत आणि भातखाचरांत उतरून बिया, कोंब, किडे खातात आणि उजाडता परततात.

दिवसाची झोप मात्र सावध असते. मेंदूचा एक भाग झोपवून दुसरा जागा ठेवणे बदकाला जमते. मॅलर्ड बदकांवरील एक अमेरिकी प्रयोग 1999 साली प्रसिद्ध झाला. त्यात ओळीच्या टोकाला बसलेली बदके बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून झोपत असल्याचे आढळले. मधली बदके बहुधा दोन्ही डोळे मिटत.

जाग आली की पिसे साफ करणे सुरू होते, आणि ते काम बराच वेळ चालते. शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते. चोच तिच्यावर घासून ते तेल पिसांना लावले जाते. डोक्यापर्यंत चोच पोचत नाही, म्हणून डोकेच पाठीवर चोळले जाते. थापट्याला मात्र दिवसाही उसंत नसते. चोचीच्या कडांवरील कंगव्यासारख्या दात्यांतून पाणी गाळत थापट्यांचे टोळके गोल गोल फिरत राहते.

ऑक्टोबरात आलेले नर माद्यांसारखेच मळकट असतात. पुढे रंग चढतो आणि जोड्या जुळवण्याची लगबगही याच पाण्यावर, भरदिवसा चालते. परतताना नर मादीच्या मागोमाग तिच्या विणीच्या प्रदेशात जातो.

या साऱ्याला निवांतपणा लागतो. छायाचित्रासाठी होडी थव्यात घातली की बदके उडतात आणि परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी फुकट जळते. हौसेची ही किंमत फार आहे. जानेवारीतील पाणपक्षी गणनाही दिवसा होते. तिच्यात मोजली जाते ती मुख्यतः विश्रांतीची जागा. रात्रीची चराऊ खाचरे पुष्कळदा अभयारण्याच्या हद्दीबाहेर असतात. नुसते पाणी राखून तलवार बदकाचे पोट भरत नाही. संरक्षणाच्या आराखड्यांत या शेतांनाही जागा हवी.