पेशंट किती टक्के वाचेल?

फायनल इयरच्या प्रोजेक्टची यादी लागली की निम्म्या ग्रुपना कशाचं तरी 'प्रेडिक्शन' हवं असतं. पाऊस, शेअर, केटी, काहीही. (केटीला अल्गोरिदम लागत नाही, रूममेट पुरतो.) डेटा उतरवायचा, चार पद्धती चालवायच्या, जिची अ‍ॅक्युरसी जास्त ती रिपोर्टात छापायची. यंदा काहींच्या डोक्यात मेंदूच्या दुखापतीचा विषय आहे म्हणे. घ्या, जरूर घ्या. पण इथला आकडा आयसीयूच्या दारात उभ्या असलेल्या आईबापांना ऐकवला जातो, हे धरून घ्या.

या विषयाचा पाया अगदी साधा आहे. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी बेशुद्धी मोजायची पट्टी काढली. डोळे उघडण्याला ४ पर्यंत गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. कोरा पेपर दिला तरी ३ मिळतातच. ८ किंवा त्याखाली म्हणजे दुखापत गंभीर. मशीन नको, वीज नको.

मग आला 'क्रॅश' हा प्रयोग, १०,००८ पेशंटचा. डोक्याला मार लागला की स्टेरॉइड द्यायची पद्धत तेव्हा बऱ्याच ठिकाणी होती. २००४ साली निकाल लागला: स्टेरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के दोन आठवड्यांत दगावले, न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. औषधच मारत होतं! खाटेजवळ उभ्या डॉक्टरला हा फरक जन्मात दिसला नसता. गर्दीचा हिशेब करायला आकड्यासारखं हत्यार नाही, हे मान्यच.

याच माहितीवरून २००८ साली भाकिताचं मॉडेल बनलं. वय, ग्लासगोचे गुण, बाहुल्या उजेडाला प्रतिसाद देतात का, शरीरात दुसरी मोठी इजा आहे का, जोडीला सीटी स्कॅन. बस्स. शिवाय श्रीमंत देशांसाठी मॉडेल वेगळं, आपल्यासारख्यांसाठी वेगळं. म्हणजे डोकं तेच, पत्ता बदलला की टक्के बदलतात! आणि न्यूरल नेटवर्कवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नका, पण २०२० च्या एका मोठ्या तुलनेत मशीन लर्निंगच्या पद्धती जुन्या रिग्रेशनपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

खरी गोम पुढेच आहे. पेशंट 'वाचणार नाही' असं ठरलं की काही ठिकाणी व्हेंटिलेटर काढतात. पेशंट जातो. डेटात नोंद होते: मृत्यू. त्यावर मॉडेल शिकतं की असे पेशंट वाचत नाहीत. कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिलेल्याला हा फीडबॅक लूप समजावून सांगायला नको. अमेरिकेतल्या १८ ट्रॉमा सेंटरच्या अभ्यासात २०२४ मध्ये हेच तपासलं. ज्यांचे उपचार थांबवले, त्यांच्यासारख्याच पण उपचार चालू ठेवलेल्या पेशंटकडे पाहिलं, तर त्यातले काही जगले, सहा महिन्यांत थोडेफार स्वतःचं स्वतः करू लागले. आपल्याकडे तर पैसे संपले म्हणूनही पेशंट घरी नेतात. त्याची नोंद कुठल्या कॉलमात करणार?

म्हणून माझं स्पष्ट मत: असं मॉडेल दोन हॉस्पिटलांची तुलना करायला वापरा, नवं औषध तपासायला वापरा. एका पेशंटचे उपचार थांबवायला त्याचा आकडा पुढे करू नका, निदान पहिल्या काही दिवसांत तरी नाही. आणि प्रोजेक्ट घेणाऱ्यांनो, अ‍ॅक्युरसी नंतर काढा. आधी डेटा उघडून बघा, मृत्यूपूर्वी उपचार थांबवले होते का, असा कॉलम त्यात आहे का. नसेल तर तेच रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहा, व्हायवात कोणी विचारायच्या आत.