लोकगीताची पट्टी कोणाच्या नावे?

शाहूपुरी ही कोल्हापूरची व्यापारी पेठ. गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा मिळावी म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली ती वसविली. पुढे गुळाचा मुख्य बाजार मार्केट यार्डात गेला, परंतु सौद्याचा मूळ दंडक बदलला नाही. गुळाचा रवा कोणत्याही व्यापाऱ्याने घेवो आणि कोठेही पाठवो, विक्रीची पट्टी निघते ती माल आणणाऱ्या शेतकऱ्याच्या नावाने. हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती पुष्कळदा फारसे उरत नाही, ही गोष्ट वेगळी. पण माल कोणाचा याविषयी संदेह नसतो. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत लोकगीत येते तेव्हा मात्र अशी पट्टी कोणाच्याच नावे निघत नाही.

लोकगीताने शास्त्रीय गायन बाटते, असे मानणारा एक वर्ग आहे. तो कोल्हापुरात अधिक असावा, कारण अल्लादियाखाँसाहेबांच्या वास्तव्याने या गावाच्या कानाला अनवट रागांची आणि बिकट लयीची सवय लावली. पण हा आक्षेप फार काळ विचारात घेण्याजोगा नाही. मान्युएल दे फाया या स्पॅनिश संगीतकाराने १९१४ साली पॅरिसमध्ये आपल्या देशातील सात लोकगीते कंठ आणि पियानो यांसाठी बांधली. मुर्सिया, आस्तुरियास, आरागॉन, आंदालुसिया अशा निरनिराळ्या प्रांतांची ही गाणी आज पाश्चात्त्य शास्त्रीय गायनाच्या मैफलींत मानाने गायिली जातात आणि त्यामुळे त्या मैफलींची प्रतिष्ठा उणावलेली नाही. आंदालुसियाच्या कित्येक गीतांची स्वरपंक्ती आपल्या भैरवीच्या इतकी जवळ आहे की, केसरबाईंची भैरवी ऐकलेल्या श्रोत्याला ती परकी वाटू नये.

फायाने चाली फारशा मोडल्या नाहीत. पियानोची साथ मात्र सर्वस्वी त्याची. तेव्हा त्याचे श्रेय त्याला देणे रास्तच. तथापि त्या सात गीतांपैकी अंगाई मुळात कोणी रचली याची नोंद जगात कोठेही नाही. नोंद आहे ती फायाची. या व्यवहारातील एक बाजू पूर्ण भरलेली आणि दुसरी कोरी आहे.

फायाला स्वतःला याची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. १९२२ च्या जूनमध्ये त्याने आणि कवी लोर्काने, इतर कलावंतांना बरोबर घेऊन, ग्रानादा येथे आंदालुसियाच्या जुन्या लोकगायनाची स्पर्धा भरविली. व्यावसायिक गायकांना तिच्यात मज्जाव होता. दिएगो बेर्मुदेस नावाचा सत्तरीचा एक विस्मृत गायक तेथे उभा राहिला, त्याला रोख बक्षीस मिळाले, आणि त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. पुढच्याच वर्षी तो वारला. एका वर्षाचा उशीर झाला असता तर तो आवाज आणि ते नाव दोन्ही गेली असती. त्याच साली, या स्पर्धेच्या महिनाभर आधी, ६ मे रोजी शाहू महाराज निवर्तले होते आणि कोल्हापूरचा दरबारी आश्रय सरल्यावर खाँसाहेबांनी मुंबईची वाट धरली. कलेचा खर्च यापुढे राजाऐवजी कोणी सोसायचा, हा प्रश्न दोन्हीकडे एकाच वेळी उभा राहिला. ग्रानादात तो नगरपालिकेने उचलला. आपल्याकडे तो तिकीट काढणाऱ्या श्रोत्यावर आला आणि आजही त्याच्यावरच आहे.

महाराष्ट्र आणि सीमाभागाने या बाबतीत घातलेला धडा कमी मोलाचा नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ च्या आरंभी देवासला गेले ते क्षयाने खचून. काही वर्षे गाणे बंद होते. या सक्तीच्या मौनात त्यांच्या कानी पडत राहिली ती माळव्यातील बायकांची गाणी. बरे झाल्यावर त्यांनी ती गोळा केली, अभ्यासिली, आणि त्यांतून राग घडविले. लोकधुनेतून राग उगवतो हा त्यांचा सिद्धांत ‘अनूपरागविलास’ या १९६५ च्या ग्रंथात रागरूपाने आणि बंदिशींनी मांडला गेला. ‘याला राग म्हणावे काय?’ अशी कुजबूज तेव्हा झाली. काळाने तिचा निकाल लावला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी ऋण लपविले नाही. माळव्याच्या लोकधुना त्यांनी त्याच नावाने स्वतंत्र कार्यक्रमात मांडल्या. तरीही श्रोत्यांच्या लक्षात राहिले ते माळव्याचे नाव. गाणाऱ्या बायकांची नावे राहिली नाहीत. उत्तम कलावंताच्या हातूनही हिशेब प्रांतापर्यंतच पोचतो, माणसापर्यंत पोचत नाही.

यावर ठरलेले उत्तर असे की, लोकगीत सर्वांचे असते, त्याला मालक कोठून आणावा? गायरानही सर्वांचेच असते. म्हणून त्यावर एकट्याने कुंपण घालावे असे कोणी म्हणत नाही. कायद्याकडे पाहिले तर १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने रचनाकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे राखला आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गीताला रचनाकारच ठाऊक नसल्याने त्यात जागा नाही, पण त्यावर केलेल्या नव्या मांडणीला आहे. १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क निर्माण झाले. सादरकर्ता म्हणजे केवळ सभागृहात गाणारा नव्हे. ध्वनिमुद्रण यंत्रासमोर ओवी म्हणणारी कागल किंवा राधानगरीकडची म्हातारीही त्या व्याख्येत बसते. ही गोष्ट तिला सांगण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

नावे मिळत नाहीत ही सबबही खरी नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पोईतवाँ यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या गाणारीच्या आणि गावाच्या नावानिशी. दोन अभ्यासकांना जे साधले ते एखाद्या मैफलीच्या आयोजकांना एका गाण्यापुरते साधू नये, याला आळस हेच कारण संभवते.

कोल्हापुरात १८८३ पासून देवल क्लबसारखी संस्था आहे, १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे, आणि जवळच पट्टणकोडोलीच्या यात्रेत धनगरी ओव्या घुमतात. माल आणि बाजार यांच्यामध्ये तासाभराचेही अंतर नाही. तेव्हा लोकगीतावर आधारलेली मैफल जाहीर करताना पत्रिकेवर रागाच्या आणि तबलजीच्या नावाशेजारी चाल ज्याच्याकडून घेतली त्याचे नाव व गाव छापावे. तिकिटाच्या उत्पन्नातील ठराविक वाटा त्या माणसाला द्यावा. तो हयात नसेल तर त्या गावातील ध्वनिमुद्रणासाठी राखून ठेवावा. त्याला पहिल्या रांगेत बसवून शाल-श्रीफळ देणे ही परतफेड नव्हे. आपल्याकडे सत्काराने देणे फिटल्याचा समज फार लवकर होतो. हा वाटा किती असावा यावर वाद होईल, तो व्हावा. अडतीच्या दरावरही होतोच.

यात घाई करण्याचे कारण आहे. पिठाची गिरणी गावोगाव येऊन कित्येक दशके लोटली. प्रत्यक्ष जात्यावर बसून दळण दळलेल्या बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत, आणि त्यांच्या सुनांना या ओव्या येत नाहीत, कारण त्यांना त्या म्हणण्याची वेळच आली नाही. एका तालुक्यात अशा बायका किती उरल्या आहेत, हे आठ-दहा विद्यार्थ्यांना दिवाळीच्या सुटीत हिंडून मोजता येईल. त्यासाठी येणारा एसटीचा आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च एका मोठ्या मैफलीच्या मंडपापेक्षा अधिक नसावा.