दंतवैद्य कोणासाठी घडतो?

सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर, चोपडा किंवा यावल तालुक्यातील शेतमजुराची दाढ दुखू लागली की तो आधी लवंग धरतो, मग तंबाखूची चिमूट दाबतो. वेदना असह्य झाली की एका दिवसाची मजुरी बुडवून एस.टी.ने तालुक्याचे गाव गाठतो. तेथे तो बहुधा दात उपटूनच घेतो. कारण दात वाचवायचा तर तीन-चार फेऱ्या आणि तितक्याच दिवसांची मजुरी गमवावी लागते.

दुसऱ्या बाजूला दंतवैद्य घडतो कसा, हेही पाहिले पाहिजे. बारावीनंतर ‘नीट’ परीक्षा, चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता. पहिल्या दोन वर्षांत शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र इत्यादी विषय. मेणाच्या व प्लास्टरच्या नमुन्यांवर हात बसवायचा. त्यानंतर प्रत्यक्ष रुग्ण. हा रुग्ण कोण असतो? खाजगी दवाखान्याचा खर्च ज्याला झेपत नाही, तो शिकाऊ हाताखाली तासन्‌तास तोंड उघडून बसतो. याचा अर्थ असा की, दंतवैद्याच्या शिक्षणात गरिबाने आपल्या देहाचे भांडवल घातलेले असते. त्याचा परतावा मात्र त्याला मिळत नाही.

१९८० च्या दशकात राज्याने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडले. देणगीची लूट इतकी वाढली की १९८७ मध्ये तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. राज्यातील शासकीय दंत महाविद्यालये दीर्घकाळ मुंबई, नागपूर व औरंगाबाद या शहरांतच होती. खानदेशात धुळ्याला दंत महाविद्यालय आले, तेही खाजगी. जबर शुल्क भरून, अनेकदा कर्ज काढून बाहेर पडलेला तरुण शहरात दवाखाना थाटतो, यात त्याचा वैयक्तिक दोष शोधणे व्यर्थ आहे. विकत घेतलेले शिक्षण बाजारातच विकले जाणार.

या व्यवस्थेची विसंगती २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे उघडी पडली. देशात दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या सुमारे सात हजार जागा रिकाम्या होत्या. पात्रतेची अट शिथिल करण्यास केंद्र सरकारचा विरोध होता. सरकारचे म्हणणे असे की, देशात दंतवैद्यांची टंचाई नाही. ६०८० लोकांमागे एक दंतवैद्य आहे. न्यायालयाने त्या वर्षापुरती अट दहा पर्सेंटाइलने खाली आणली. शुल्कामुळे विद्यार्थी येत नसतील तर खाजगी संस्थाचालकांनी ते कमी करण्याचा विचार करावा, असेही सुनावले.

सरासरीचा हिशेब हा नेहमीच सोयीचा हिशेब असतो. जळगाव शहरातील दंतवैद्य यावलच्या पाड्याच्या खात्यावर मांडला, म्हणून पाड्यावरची दाढ दुखायची थांबत नाही. आणि प्रश्न केवळ दाढेचा नाही. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखू, सुपारी व मिश्री यांचे व्यसन संपले नाही. तोंडात न भरणारी जखम, पांढरा चट्टा, हळूहळू कमी उघडणारे तोंड ही कर्करोगाची पूर्वखूण असू शकते. ती प्रथम दंतवैद्याच्या नजरेस पडते. पण त्यासाठी दंतवैद्य जवळ असावा लागतो.

म्हणून मागणी नेमकी हवी. जळगावच्या शासकीय वैद्यकीय शिक्षण संकुलाच्या योजनेत दंत महाविद्यालयाचा अंतर्भाव करण्यात आला. ते पूर्ण सार्वजनिक खर्चाने चालले पाहिजे. शेतमजुरांच्या व आदिवासींच्या मुलांना तेथे केवळ प्रवेश नव्हे, तर वसतिगृह, पुस्तके आणि हत्यारेही मिळाली पाहिजेत. आंतरवासितेतील काही महिने ग्रामीण रुग्णालयात जावेत. मात्र खुर्ची, क्ष-किरण यंत्र व निर्जंतुकीकरणाची सोय नसलेल्या ठिकाणी तरुणांना धाडणे म्हणजे सेवेची विटंबना होय.

कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्याच्या रुग्णालयापासून आरंभ करावा. दंतवैद्याचे पद मंजूर आहे काय, ते भरले आहे काय, खुर्ची चालू आहे काय, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवावे. ज्याच्या दातांवर विद्या शिकली गेली, त्याच्यापर्यंत ती परत पोहोचवणे हा उपकार नव्हे. ती ऋणफेड आहे.