कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन: रिवाज की निर्णय?

दुसरे मूल झाले की घरोघरी एकच सल्ला मिळतो: ‘आता ऑपरेशन करून टाक.’ सासू, जाऊ आणि वॉर्डातली सिस्टर यांचे या एका बाबतीत सहसा एकमत असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झाली होती. महाराष्ट्रात हे प्रमाण निम्म्याच्या घरात होते. इतक्या जणींनी जे केले ते चांगलेच असणार, अशी आपली समजूत. पद्धत चांगली आहेच. मात्र रिवाज म्हणून उरकलेली शस्त्रक्रिया आणि समजून घेतलेला निर्णय यांत फरक आहे, आणि तो फरक बाईला पुढे तीस वर्षे जाणवतो.

आधी घाबरवणाऱ्यांचा समाचार घेऊ. ‘ऑपरेशनने पाळी बिघडते, वजन सुटते, बाई खचते’ असे ते सांगतात. या शस्त्रक्रियेत फक्त गर्भनलिका बंद होतात. गर्भाशय आणि अंडाशय यांना हात लागत नाही, म्हणून संप्रेरके पूर्वीसारखीच तयार होतात आणि पाळी येत राहते. गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना रक्तस्राव कमी झालेला असतो. गोळ्या थांबल्या की तो मूळ पदावर येतो आणि खापर ऑपरेशनवर फुटते. ‘पिशवी काढणे’ ही वेगळी आणि कितीतरी मोठी शस्त्रक्रिया आहे. दोन्हींची गल्लत करणाऱ्याचा सल्ला मानू नये.

आता भरवसा देणाऱ्यांकडे वळू. ‘पुढे वाटलेच तर नळ्या जोडून घेता येतात,’ हे त्यांचे लाडके वाक्य. जोडता येतात, पण नेहमी नाही. किती नळी शिल्लक आहे, ती कशी बंद केली होती, बाईचे वय काय, यावर सारे ठरते. जोडूनही गर्भ राहीलच असे नाही, आणि नलिकेतच गर्भ रुजण्याचा धोका वाढतो. म्हणून ही पद्धत कायमचीच समजावी. अमेरिकेत दहा हजारांहून अधिक स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. तिशीच्या आत नसबंदी केलेल्यांपैकी सुमारे वीस टक्के स्त्रियांनी पुढे पश्चात्ताप व्यक्त केला; तिशीनंतर करणाऱ्यांत तेच प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होते. आपल्याकडे तर बहुतेकींचे ऑपरेशन पंचविशीच्या आगेमागे उरकते. मूल दगावणे, नवरा जाणे, दुसरे लग्न होणे हे त्यानंतरच्या आयुष्यातही घडते.

‘एकदा केले की काळजी मिटली’ हेही अर्धसत्य. त्याच अमेरिकी अभ्यासात दहा वर्षांत हजारामागे सुमारे अठरा स्त्रियांना गर्भ राहिला, आणि त्यातले सुमारे एक तृतीयांश गर्भ गर्भाशयाबाहेरचे होते. असा गर्भ जिवावर बेततो. म्हणून ऑपरेशननंतर पाळी चुकली, ओटीपोटात एका बाजूला कळ आली, चक्कर आली, तर ‘माझे तर ऑपरेशन झालेय’ म्हणत घरी बसू नये. तत्काळ तपासणी करावी. नसबंदीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि जपून ठेवावे. ऑपरेशन फसले किंवा गुंतागुंत झाली तर सरकारी भरपाई योजनेत त्याचीच गरज पडते, आणि तो अर्ज मुदतीत करावा लागतो.

यानंतरचा आक्षेप घरातल्या पुरुषांचा: ‘आम्ही केले तर कमजोरी येईल, कामे कोण करणार?’ पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी तेवढी जागा बधिर करून काही मिनिटांत होते, पोट उघडावे लागत नाही, ताकद आणि संबंधांतले सुख तसेच राहते. पथ्य एकच: तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्यतपासणी करून खात्री करायची. तरी सुरुवातीला सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणीत पुरुष नसबंदी होती ०.३ टक्के. १९७६-७७ मध्ये आणीबाणीच्या सक्तीत साठ लाखांहून अधिक पुरुषांच्या नसबंद्या झाल्या; राग मतपेटीतून निघाला आणि पुढे सारा भार बायकांवर ढकलला गेला. सोपी शस्त्रक्रिया टाळून अवघड शस्त्रक्रिया बाईवर लादण्याला शास्त्राचा आधार नाही.

‘शिबिरात पटकन होते’ हा युक्तिवाद तर छत्तीसगडमधल्या बिलासपूरने निकालात काढला. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. सरकारच्याच नियमाने एका चमूला दिवसाला ३० ची मर्यादा होती. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर तेरा स्त्रिया दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. घाई ही सोय नसते, जोखीम असते.

मग बाईने करावे काय? पहिले म्हणजे, निर्णय प्रसूतीच्या कळा सुरू होण्याआधी, गरोदरपणातच घ्यावा; वेदनेत आणि गुंगीत घेतलेली सही संमती ठरत नाही. दुसरे, पर्याय तोलून पाहावेत. तांबी प्रकारानुसार दहा वर्षांपर्यंत काम करते, परिणामात नसबंदीच्या तोडीची असते आणि हवी तेव्हा काढता येते. तिसरे, वेळ आणि पद्धत विचारावी: बाळंतपणानंतर सात दिवसांत छोट्या छेदाने होते, नाहीतर सहा आठवड्यांनी, दुर्बिणीची पद्धत बाळंतपणानंतर लगेच वापरत नाहीत. चौथे, सही कोणाची? सरकारी नियमांत नवऱ्याची संमती लागत नाही. लागते ती तिची, तिला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवलेल्या कागदावर. टेबलावर जाईपर्यंत ती नकार देऊ शकते, आणि नकार दिला म्हणून इतर उपचार नाकारता येत नाहीत. शेवटचे, नसबंदी गुप्तरोग किंवा एचआयव्हीपासून वाचवत नाही, त्यासाठी निरोधच.

ज्या स्त्रीला पुढे मूल नकोच आहे आणि जिने हे सारे ऐकून होकार दिला आहे, तिच्यासाठी ही शस्त्रक्रिया उत्तम आहे. तिला अडवणाऱ्यांनी बाजूला व्हावे. जिला अजून विचार करायचा आहे तिला वेळ द्यावा. आणि ‘करून टाक’ म्हणणाऱ्या नवऱ्याला तिने आधी एवढेच विचारावे: तुम्ही का नाही?